पालीचं विष नव्हे, पालीतला जंत

या महिन्याच्या पत्रांत शिकार करणाऱ्या मांजरांची चार पत्रं आली. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे. पावसाळ्याच्या आसपास पाली खाऊन आजारी पडलेली मांजरं घेऊन गोव्यातल्या फोंडा, डिचोली, सत्तरीकडची माणसं माझ्या जनावरांच्या दवाखान्यात दरवर्षी येतात, आणि बहुतेक जण उशिरा येतात.

प्रश्न : डॉक्टरबाई, आमचं घर म्हार्दोळजवळ, मागे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग. साडेतीन वर्षांची मांजर आहे, भुरी. घरात शीत-नुस्तं (भात-मासळी) पोटभर मिळतं, तरी दिवसभर कुळागरातच असते. उंदीर, चिचुंद्र्या, सरडे काही सोडत नाही, पण खरी आवड पालींची. दिवेलागणीला वसरीच्या बल्बखाली बसते आणि दोन-तीन पाली खाऊनच उठते. महिनाभरात बारीक झाली आहे. खाल्लेलं ओकते. गेल्या आठवड्यात तिच्या गोणपाटावर शितांसारखे पांढरे दाणे दिसले, त्यातले एक-दोन हलत होते. शेजारीण म्हणते, पालीचं विष भिनलं, आता ती जगायची नाही. त्यातच सूनबाईला तिसरा महिना लागला आहे. जाऊबाईंनी बजावलं, मांजर घरात असली तर पोटातल्या बाळाला धोका. आता घरचे तिला पोत्यात घालून बाजारात सोडून येऊ म्हणतात. मला ते करवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, पुढचं वाचण्याआधी एक काम करा. भुरीला खळ्यात उन्हात घेऊन बसा, बल्बच्या उजेडात नको, बल्बखाली सगळंच पिवळं दिसतं. अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचला आणि हिरडी बघा. मग कान उलटून आतली कातडी बघा. हिरडी फिकट गुलाबी असेल तर दोन-तीन दिवसांत दवाखाना गाठा. हळदीचं बोट लागल्यासारखी पिवळी असेल तर आजच निघा. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नसेल तरीही आजच. मांजराचं पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि मूळ दुखण्यावर दुसरं दुखणं चढतं. कुत्रं दोन दिवस उपाशी राहून सावरतं, मांजराचं तसं नसतं.

आता पालीबद्दल. तुमच्या शेजारणीला खोटं ठरवायचं नाही. पाली खाणारं मांजर पिवळं पडून मरतं, हे जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. इंग्रजी पुस्तकांतही या दुखण्याला ‘पालीची विषबाधा’ असंच नाव पडलं. पण आपल्या भिंतीवरच्या पालीत विष नसतं. तिच्या पोटात एक चपटा जंत असतो, प्लॅटिनोसोमम नावाचा. तो मांजराच्या यकृतात, पित्ताच्या नळ्यांत आणि पित्ताशयात जाऊन राहतो.

हा जंत पालीत येतो कसा, ते कळलं की तुमचं कुळागर तुम्हाला वेगळं दिसू लागेल. जंत असलेल्या मांजराच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात. पोफळीच्या मुळाशी, ओल्या झावळ्यांखाली लहान गोगलगायी असतात, त्या ती अंडी खातात. गोगलगायीच्या अंगात पिल्लं वाढतात आणि पुन्हा मातीत पडतात. मग कुजका पाला खाणारे ते राखाडी, बारीक पायांचे किडे, दगड उचलला की पळतात आणि त्यातले काही गोळी होऊन पडतात, ते ही पिल्लं गिळतात. किडे पालीच्या, सरड्याच्या, बेडकाच्या पोटात जातात. आणि पाल भुरीच्या. उष्ण, दमट मुलखात हा फेरा वर्षभर चालतो, आणि शिंपणाच्या पाण्याने बारा महिने ओलं राहणारं कुळागर त्याला फारच मानवतं.

पोटात थोडे जंत असले तर मांजराला कळतही नाही. रोज दोन-तीन पाली खाणाऱ्या मांजराच्या पोटात ते साठत जातात. नळ्या सुजतात, जाड होतात, पित्त तुंबतं. मग भूक जाते, ओकारी येते, अंग उतरतं आणि शेवटी कावीळ दिसते.

मी प्रॅक्टिस सुरू केली त्या पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट आहे. बांदोड्याहून एक आजी टोपलीत मांजर घेऊन आल्या. काळी-पांढरी, चार वर्षांची, पार सुकलेली. मी कावीळ ओळखली. सलाईन लावलं, यकृताचं औषध दिलं, चार दिवस रोज यायला सांगितलं. मांजर काय काय खाते, हे मी विचारलंच नाही. पाचव्या दिवशी ती गेली. आजींच्या परवानगीने मी पोट उघडून पाहिलं. पित्ताच्या नळ्या सुतळीसारख्या फुगून टणक झाल्या होत्या आणि पित्ताशय कापल्यावर चिकट, गडद पित्तातून जिऱ्याच्या दाण्याएवढे चपटे तपकिरी जंत बाहेर आले. काही अजून वळवळत होते. आजी शेजारीच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पाली खायची गो ती, रोज.” तेव्हापासून माझ्या केसपेपरवर पहिला प्रश्न असतो : मांजर बाहेर काय खाते?

म्हणून तुम्हीही डॉक्टरांना हे आपणहून सांगा. सांगितलं नाही तर साधा विष्ठेचा तपास होईल आणि ‘काही नाही’ असा निकाल येईल. या जंताची अंडी थोडी असतात, ती विष्ठा पाण्यात ढवळून गाळ खाली बसवून शोधावी लागतात. नळी पूर्ण तुंबली असेल तर अंडी बाहेर पडतच नाहीत, तेव्हा सोनोग्राफीत फुगलेल्या नळ्या दिसतात. औषध आहे, प्राझिक्वांटेल. पण साध्या पट्टकृमीला (आतड्यातल्या लांब फितीसारख्या जंताला) जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट ते द्यावं लागतं, तेही ओळीने काही दिवस आणि यकृत कितपत बिघडलं आहे ते बघून. औषधाच्या दुकानातून ‘मांजराची जंताची गोळी’ आणून हे साधत नाही. तसं केल्यावर लोक मला सांगतात, जंताचं औषध झालं आहे, मग जंत कसे असतील?

गोणपाटावरचे ते दाणे हा वेगळा जंत. ते पट्टकृमीचे तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा अंड्यांनी भरलेला असतो. वाळले की तिळासारखे दिसतात. मांजराला पट्टकृमी मुख्यतः दोन वाटांनी होतो. एक उंदरातून : उंदराच्या यकृतावर हरभऱ्याएवढी पांढरी गाठ असते, तिच्यात कोवळा जंत गुंडाळलेला असतो. दुसरी वाट पिसवांची : मांजर अंग चाटताना पिसू गिळतं आणि पिसवेबरोबर जंत पोटात जातो. दोन-तीन दाणे चिमट्याने उचलून झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्यात घालून आणा, कुठला ते आम्ही भिंगाखाली बघू. पिसवांचा असेल तर नुसत्या गोळीने भागणार नाही, पिसवाही घालवाव्या लागतील, नाहीतर महिन्याभरात दाणे परत. गोणपाट उकळत्या पाण्यात घाला किंवा सरळ जाळून टाका. आणि एक, कुत्र्याच्या पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असलं तर मांजराला झटके येतात, जीवही जातो.

आता सूनबाई. जाऊबाई बोलल्या ती भीती निराधार नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव उंदीर-पाखरांच्या मांसातून मांजरात येतो आणि गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते. पण मांजर घरात असणं आणि लागण होणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, विष्ठेतून ते बीज टाकतं. साडेतीन वर्षं उंदीर खाणाऱ्या भुरीची ती वेळ बहुधा कधीच होऊन गेली असणार. शिवाय विष्ठा ताजी असताना त्यातून लागण होत नाही, बीज पक्व व्हायला निदान एक दिवस लागतो. मांजर मांडीवर बसली, अंगावरून हात फिरवला, म्हणून हा रोग होत नाही. माणसांना तो जास्त करून कच्च्या-अर्ध्या शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून आणि मातीतून होतो.

मातीकडे मात्र खरंच लक्ष द्या. आपल्याकडची मांजरं ट्रेमध्ये बसत नाहीत, ती परसातल्या भुसभुशीत मातीत उकरतात, आणि ओल्या मातीत ते बीज वर्ष-वर्ष टिकतं. तांबड्या भाजीचा वाफा नेमका तिथेच असतो. तेव्हा बाळंतपण होईपर्यंत सूनबाईंनी परसात खुरपणी करू नये, करायचीच तर रबरी हातमोजे घालून आणि नंतर साबणाने हात धुऊन. पालेभाजी तीन पाण्यांतून धुवा. चाखून बघताना मांस अर्धकच्चं नको. वाफ्यावर जाळी किंवा काट्याच्या फांद्या पसरा, मांजर तिथे बसणार नाही. विष्ठा दिसली तर तुम्ही रोजच्या रोज फावड्याने उचलून खोल पुरा. आणि सूनबाईंच्या डॉक्टरांना सांगा की घरात शिकार करणारं मांजर आहे. पूर्वी लागण होऊन गेली आहे का, ते रक्ताच्या तपासणीत कळतं.

पोत्यात घालून बाजारात सोडलेली मांजर मासळीच्या घाणीवर आणि गटारातल्या उंदरांवर जगेल, आजारी असली तर तेवढ्यावरही जगणार नाही. जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे घरच्यांना जरूर सांगा. पण त्याआधी त्यांना खळ्यात बोलावून भुरीची हिरडी दाखवा. आजारी आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर माणसाचं मन बदलतं, असा माझा अनुभव आहे.

आणि वसरीचा तो बल्ब. दिव्यावर किडे येतात, किड्यांवर पाली येतात, पालींवर भुरी. दिवेलागणीला तिला आत घ्या, नुस्तं त्याच वेळी द्या, आणि सकाळी उजाडल्यावर बाहेर सोडा.

प्रश्न : आमच्याकडे पेडण्याला भाताच्या कोठाराजवळ उंदरांसाठी औषधाच्या वड्या ठेवतो. बोका वडीला तोंड लावत नाही. पण तिसऱ्या दिवशी उंदीर झिंगल्यासारखे फिरतात, त्यातला एखादा तो उचलतो. त्याला बाधेल का? मागच्या वर्षी आमचा आधीचा बोका असाच सुस्त झाला होता. अंग गरम लागलं म्हणून ताप असेल असं वाटून रात्री पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली. सकाळी त्याचं तोंड सुजलं होतं, दुपारी गेला. उंदराचं विषच लागलं असेल ना?

उत्तर : भाऊ, तुम्ही मायेने केलंत, म्हणून हे लिहिताना जड जातंय. तोंड सुजणं आणि काही तासांत जीव जाणं ही खूण गोळीची वाटते. पॅरासिटामॉल पचवायला जे रसायन यकृतात लागतं ते मांजराकडे जवळजवळ नसतंच. रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेत नाही, हिरड्या निळसर-चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसाची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हे आपल्या वाड्यावर प्रत्येक घरी सांगा. वेळेत आणलं तर उतारा देता येतो.

उंदराच्या वड्यांबद्दल तुमची शंका रास्त आहे. त्यांत बहुतेक ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठण्यासाठी लागणारं के जीवनसत्त्व अंगात पुन्हा तयार होऊ देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस मंदावून फिरतो, आणि मंद उंदीर हीच मांजराची सर्वांत सोपी शिकार. एका उंदराने बहुधा काही होणार नाही, पण आठवडाभर असे उंदीर मिळत राहिले तर विष साठत जातं. लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, म्हणून लोकांना वडीची आठवणही राहत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, धाप, काळी विष्ठा, सुई टोचली तिथे न थांबणारं रक्त. के-1 जीवनसत्त्व तीन-चार आठवडे नियमाने दिलं तर मांजर वाचतं. दहा दिवसांनी बरं दिसलं म्हणून औषध थांबवणारे लोक महिन्याने पुन्हा रडत येतात.

काळ्या-करड्या पुडीतून मिळतं ते झिंक फॉस्फाइड त्याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो, त्याला उतारा नाही. असा उंदीर खाऊन मांजर ओकायला लागलं तर तोंडात मीठ-पाणी, तेल, काहीही ओतू नका. गाडीच्या काचा उघड्या ठेवून आणा, तो वायू तुमच्याही छातीत जातो. पुडीचं कागद किंवा वडीचं वेष्टन बरोबर आणा, त्याने आमचा अर्धा तास वाचतो.

कोठारात पिंजरा लावा, भात पत्र्याच्या पिंपात भरा. माडावरचे उंदीर असतील तर बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारा, तो चढूनच जात नाही. मेलेला उंदीर, विषाने असो वा कसा असो, उघड्यावर टाकू नका आणि पावसात तर उघड्या हाताने मुळीच उचलू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप) होतो. मांजर त्याने क्वचितच आजारी पडतं, माणूस पडतो.

आणि बोक्याचं रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी घ्या. 2014 पासून गोव्यात मिशन रेबीज या संस्थेचं काम सुरू झालं आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, हे कष्टाने मिळवलेलं आहे. त्यात मांजरं विसरली जाऊ नयेत.

प्रश्न : पहिल्या पावसात आमचा बोका बेडकाला तोंड लावून आला आणि तोंडातून फेस गाळत बसला. (वाचक, काणकोण)

उत्तर : तो अंगावर खडबडीत पुळ्या असलेला भेक असणार. त्याच्या डोळ्यांमागच्या फुगवट्यांतून पांढरं विष सुटतं. मांजर सहसा लगेच सोडून देतं. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसा, पाणी घशात जाऊ देऊ नका. तासाभरात फेस थांबायला हवा. लडखडायला लागला, झटके आले तर दवाखाना. फेस न येता मागचे पाय लुळे पडत असतील किंवा पंजा भराभर सुजत असेल तर सापाचा संशय घ्या, बांधू नका, कापू नका, थेट आणा. आणि बोक्याने घरात आणलेला ‘मेलेला’ साप हाताने उचलू नका.

प्रश्न : मी सातवीत आहे, साखळीला राहते. आमच्या चिमीने जास्वंदीवरचा शिंजीर मारला आणि काल दयाळाचं पिल्लू आणलं. मला फार रडू आलं. आई म्हणते, तिला जास्त खायला घाल, म्हणजे मारणार नाही. खरं का?

उत्तर : बाळ, तुझ्या आईचं अर्धं बरोबर आहे. भरल्या पोटानेही मांजर झडप घालतं, ते तिच्या हातात नाही. पण काय खायला घालतो याने फरक पडतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये हे मोजून पाहिलं. भरपूर मांस असलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांची 25 टक्क्यांनी. नुसतं शीत कालवून दिलं की चिमीचं पोट भरतं, पण तिला हवं ते त्यातून मिळत नाही. शितापेक्षा नुस्तं जास्त घाल, शिजवून आणि काटे काढून.

पाखरांतून तिलाही रोग लागू शकतो. पोटाचा जंतू लागला तर ताप येतो, जुलाब होतात. बर्ड फ्लूने मांजरं दगावतात, 2025 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात छिंदवाड्याला पाळीव मांजरांतही तो सापडला. म्हणून मेलेलं किंवा उडता न येणारं पाखरू सापडलं तर हात लावू नकोस, मोठ्या माणसाला सांग.

दयाळ उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर घरटी करतो, भिंतीच्या भोकात किंवा झाडाच्या ढोलीत. पिल्लं उडायला शिकतात ते आठ-दहा दिवस चिमीला सकाळी आणि संध्याकाळी घरात कोंड. काठीला सुतळी बांध, टोकाला कोंबडीचं धुतलेलं पीस लाव, आणि संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी दहा मिनिटं तिला खोलीभर पळव. शेवटी ते पीस तिला पकडू दे आणि लगेच खायला घाल. एका वहीत रोज लिही : आज काय आणलं, किती वाजता. महिन्याने ती वही मला पाठव.